कानातला ठोका आणि कष्टाचा पैसा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. निगडीतल्या आमच्या वस्तीच्या विहारात रविवारची वंदना आटोपली होती. मुले बाहेर पळाली, बायाबापड्या चपला शोधू लागल्या. तेवढ्यात आमचे एक शेजारी जवळ आले. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये ते कंत्राटी कामावर आहेत. रात्रपाळी करून तसेच वंदनेला आले होते. खिशातून चार घड्या घातलेले एक रंगीत पत्रक त्यांनी काढले.

"जयभीम भाऊ. जरा हे वाचून सांगा. खरं असंल तर पोरीचं भलं होईल."

पत्रकावर माणसाच्या डोक्याचे चित्र, डोक्यातून निघणाऱ्या निळ्या लहरी आणि वर मोठ्या अक्षरात 'मेंदूच्या लहरी बदला, गुण वाढवा'. चार रविवारचा वर्ग, एक पेन ड्राइव्ह, त्यात 'शास्त्रीय ध्वनी', सोबत हेडफोन. किंमत १८,००० रुपये, तीन हप्त्यांची सोय. आणि अगदी खाली बारीक अक्षरात निद्रानाश, अर्धशिशी, फिट, सर्व औषधाशिवाय.

शेजाऱ्यांची मुलगी बारावीला. सीईटीची तयारी करते. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला फिट येतात, रोजची गोळी चालू आहे. पतपेढीतून कर्ज काढायचे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य गेले व्हाउचर आणि लेजर लिहिण्यात. मेंदूतले मला काय कळणार? पण १८,००० म्हणजे कंत्राटी कामगाराचा महिन्याचा घामाचा पगार, एवढे मला चांगले कळते. म्हणून म्हटले, "दादा, आठ दिवस थांबा. पैसे भरू नका. आधी ही वस्तू आहे तरी काय ते बघू."

त्या आठ दिवसांत आणि पुढच्या काही महिन्यांत जे वाचले, जे करून पाहिले, ते येथे मांडतो आहे. अशी पत्रके केवळ आमच्या वस्तीत येतात असे नाही. तुमच्या दारातही कोणी ना कोणी येऊन गेला असेल.

ही लहर म्हणजे काय?

आपला मेंदू विजेच्या अतिसूक्ष्म संदेशांवर चालतो. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्याला तारा लावून ही वीज प्रथम कागदावर उतरवली आणि १९२९ मध्ये ते जगापुढे मांडले. आज इस्पितळात 'ईईजी' काढतात तो हाच. कागदावर वर-खाली होणाऱ्या रेघा दिसतात. माणूस गाढ झोपला की रेघा संथ होतात, सेकंदाला चारपेक्षा कमी. त्यांना डेल्टा म्हणतात. पेंगुळलेल्या अवस्थेत चार ते आठ, त्या थीटा. डोळे मिटून निवांत बसलात की आठ ते तेरा, त्या अल्फा. कामात, विचारात असताना त्याहून जलद, त्या बीटा. इथपर्यंत सगळे खरे आहे, पाठ्यपुस्तकातले आहे.

आता दुसरी गोष्ट, आवाजाची. आपल्यापैकी ज्यांनी जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवली आहे, त्यांना हे सांगायला नको. पेटीतल्या एकाच स्वराच्या दोन पट्ट्या किंचित वेगळ्या लागल्या, की आवाज सरळ राहत नाही. तो डोलतो, 'वाँव वाँव' करतो. एक सूर सेकंदाला २०० कंपनांचा आणि दुसरा २०३ चा असेल, तर सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि बसतो. शाळेच्या विज्ञानात याला विस्पंद म्हणतात. आपण सोपा शब्द घेऊ, ठोका.

हे दोन सूर हवेत मिसळले म्हणून ठोका झाला. पण एक सूर फक्त डाव्या कानात आणि दुसरा फक्त उजव्या कानात सोडला, हवेत मिसळूच दिले नाहीत, तर? तरीही ठोका ऐकू येतो! हाइनरिश विल्हेल्म डोव्ह या प्रशियाच्या शास्त्रज्ञाने ही गंमत १८४० च्या सुमारास शोधली. हवेत ठोका नसतो, कानातही नसतो. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या बुडाशी जिथे प्रथम एकत्र येतात, तिथे तो तयार होतो. आवाज कोणत्या बाजूने आला हे ओळखण्याची मेंदूची जी रोजची सोय आहे, तिचाच हा परिणाम.

हा शोध बरीच वर्षे कोपऱ्यात पडून होता. १९७३ मध्ये जेराल्ड ऑस्टर या अमेरिकन संशोधकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यावर लेख लिहिला आणि कानांच्या व मेंदूच्या तपासणीला याचा उपयोग होईल असे सुचवले. त्याच सुमारास रॉबर्ट मन्रो या रेडिओच्या धंद्यातल्या अमेरिकन माणसाने झोप आणण्याच्या पद्धतीवर १९७५ मध्ये पेटंट मिळवले आणि पुढे त्याच्या कॅसेटी विकल्या. तर्क असा, की माणसाचा कान २० कंपनांच्या खालचा आवाज साधारणपणे ऐकत नाही. मग १० चा ठोका मेंदूला द्यायचा कसा? डावीकडे २००, उजवीकडे २१०. फरक १०. मेंदू त्या १० च्या मागे जाईल, अल्फा होईल, मन शांत होईल. मेंदूच्या लहरींना अशी चाल लावून देणे, हाच या सगळ्या व्यापाराचा पाया आहे.

वजाबाकीचे यंत्र

शेजाऱ्यांच्या मुलीने विचारले, "काका, पण हा आवाज बनवतात कशाने? त्याला मोठं मशीन लागतं का?" मलाही तोच प्रश्न पडला होता.

आमच्या वस्तीतला एक तरुण तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे. त्याला विहारात बोलावले. विहाराच्या अभ्यासिकेत कुणीतरी दिलेला जुना संगणक आहे, तो चालू केला. तरुण हसला आणि म्हणाला, "सर, यासाठी काहीच विकत घ्यायला लागत नाही."

पूर्वी सूर निर्माण करायला तारांची, नळ्यांची यंत्रे लागत. १९५७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने संगणकाला नुसते आकडे देऊन सूर काढून दाखवला. तेव्हापासून वाद्याचे काम आज्ञावली करू लागली. आजचा संगणक साधारणपणे सेकंदाला ४४,१०० आकडे लिहितो आणि ते आकडे स्पीकरकडे पाठवतो. त्या आकड्यांप्रमाणे पडदा पुढे-मागे हलतो, तोच आवाज. मी माझ्या सवयीने हिशेब केला. वीस मिनिटांच्या ध्वनीसाठी एका कानाचे ५ कोटी २९ लाख २० हजार आकडे! आमच्या कार्यालयातली सगळी लेजरे एकत्र केली तरी एवढे आकडे भरणार नाहीत. पण संगणक ते काही क्षणांत भरतो. त्यात गूढ काही नाही. एका खात्यात २०० चा सूर, दुसऱ्या खात्यात २१० चा सूर, आणि शिल्लक १०. वजाबाकी ती एवढीच.

यासाठी खास बनवलेली सॉफ्टवेअर आहेत. 'एसबाजेन' नावाचे एक आहे, ते जिम पीटर्स यांनी लिहिले. त्यात मूळ सूर, फरक आणि आवाजाची पातळी एका ओळीत लिहिली की काम झाले. 'नॉरल' नावाचे दुसरे आहे, त्यात आलेखाची रेघ ओढून ठोका हळूहळू कमी-जास्त करता येतो. दोन्ही फुकट मिळतात. 'ब्रेनवेव्ह जनरेटर' हे विंडोजवरचे जुने सॉफ्टवेअरही याच कामाचे. आम्ही मात्र 'ऑडॅसिटी' वापरले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले, २००० मध्ये ते लोकांना खुले झाले आणि आजही फुकट आहे.

कृती लिहून देतो, घरी मुलांकडून करून घ्या. ऑडॅसिटी उघडून 'जनरेट' या यादीतून 'टोन' निवडा. लहरीचा प्रकार 'साइन', कंपने २००, आवाज कमी म्हणजे ०.२, वेळ २० मिनिटे. ही एक पट्टी झाली. तिच्या डावीकडे असलेली सरकपट्टी पूर्ण डावीकडे न्या. मग दुसरी पट्टी तयार करा, कंपने २१०, सरकपट्टी पूर्ण उजवीकडे. हवे असल्यास तिसऱ्या पट्टीत 'नॉइज' घाला, म्हणजे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज मागे राहील. फाइल साठवा. झाले! आमच्या मुलीला चहा होईपर्यंत हे जमले.

दोन्ही कानांना हेडफोन लावला की डोक्याच्या मध्यभागी हलकासा डोल जाणवतो. एका कानातले बोंडूक काढले की डोल गायब, उरतो नुसता भुंग्यासारखा एकसुरी आवाज. मुलांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिले. त्यातून एक साधी परीक्षा हाती लागली. 'मोबाइल उशाशी ठेवा, हेडफोनची गरज नाही, दोन कानांचा ध्वनी काम करतो' असे कोणी सांगत असेल, तर त्याला स्वतःचा मालच ठाऊक नाही असे खुशाल समजा. एका स्पीकरमधून दोन्ही सूर आले की ते हवेतच मिसळतात आणि पेटीचा साधा ठोका होतो. मूळ सूर हजार कंपनांच्या वर नेला तरी हा दोन कानांचा ठोका जवळपास नाहीसा होतो.

म्हणजे १८,००० रुपयांच्या पेन ड्राइव्हमधली वस्तू विहाराच्या जुन्या संगणकावर शून्य रुपयांत तयार झाली.

पण उपयोग होतो का?

वस्तू फुकट मिळते म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. पाणीही नळाला येते. तेव्हा खरा प्रश्न असा, की याने माणसाचे मन शांत होते का, अभ्यास वाढतो का?

आपल्या सोयीचे तेवढे सांगायचे नाही, म्हणून दोन्ही बाजू देतो. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. ठोके असलेला ध्वनी ऐकणाऱ्यांची भीती सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाली. तोच ध्वनी ठोक्यांशिवाय ऐकणाऱ्यांची ११ टक्क्यांनी, आणि काहीच न ऐकणाऱ्यांची सुमारे ४ टक्क्यांनी. २०१९ मध्ये २२ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यातही स्मरण, लक्ष, चिंता व वेदना यांवर मध्यम प्रमाणात परिणाम दिसला. ही जमेची बाजू.

आता नावे बाजू. ठोक्याने मेंदूच्या लहरी खरोखर बदलतात का, हे तपासणारे १४ अभ्यास २०२३ मध्ये एकत्र तपासले गेले. पाच म्हणाले होय, आठ म्हणाले नाही, एक मध्येच लटकला. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांना असे आढळले, की दोन कानांच्या ठोक्यापेक्षा हवेत मिसळलेला साधा ठोका मेंदूला अधिक जोरात हलवतो, आणि मनःस्थिती दोघांनीही बदलत नाही. पोलंडमध्ये २०२३ साली एक हजार लोकांना घरच्या घरी असे ध्वनी ऐकवून बुद्धीची चाचणी घेतली गेली. ठोके ऐकणाऱ्यांची कामगिरी वाढली नाही, उलट घसरली! परीक्षेसाठी पैसे भरणाऱ्या आईबापांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

माझ्या मते गोंधळ एका ठिकाणी आहे. आपण गाड्यांच्या पट्ट्यातली माणसे, गाडीचेच उदाहरण घेऊ. गाडी वेगात असली की मीटरचा काटा ८० वर जातो, हे खरे. पण काच काढून बोटाने काटा ८० वर नेला, तर गाडी धावेल का? निवांत माणसाच्या मेंदूत अल्फा दिसते. म्हणून बाहेरून १० चा ठोका दिला की माणूस निवांत होईल, आणि निवांत झाला की गणित सुटेल, असे म्हणता येत नाही. ढोलकीच्या तालावर पाय हलतो, म्हणून कोणाला नाच येत नाही.

महाराष्ट्राने हे आधी पाहिले आहे

२०१० नंतरच्या दशकात आपल्या राज्यातल्या शहरांतून 'मिड-ब्रेन अॅक्टिव्हेशन' नावाचे वर्ग जोरात निघाले होते, ते अनेकांना आठवत असेल. मुलांना विशिष्ट संगीत ऐकवायचे, मध्यमेंदू 'जागा' करायचा, मग डोळ्यांवर पट्टी बांधूनही मूल वाचते, रंग ओळखते असा दावा. हजारो रुपयांची फी. खरे तर मध्यमेंदू जन्मापासून जागाच असतो. डोळ्यांची हालचाल, ऐकू आलेल्या आवाजाचे संदेश पुढे नेणे, ही त्याची रोजची कामे. तो झोपलेला असता तर मूल डोळे तरी कसे फिरवते? महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी या दाव्यांना जाहीर आव्हान दिले. बुद्धिवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनीही देशभर या प्रकाराचा पाठपुरावा केला. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून मुले खाली बघत, एवढाच तो चमत्कार. फट नीट बुजवली की वाचन बंद!

त्यात मला सर्वांत दुखते ते हे, की मुलांना खोटे बोलायला शिकवले गेले. आईबापांनी कर्ज काढून फी भरली आहे, आता 'मला दिसत नाही' असे म्हणायचे कसे? आठ-दहा वर्षांचे लेकरू त्या ओझ्याखाली फटीतून बघते आणि टाळ्या घेते. ज्या समितीने हे उघडे पाडले, ती डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये उभी केली होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. प्रश्न विचारण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. आपण निदान प्रश्न विचारायला तरी लाजू नये.

गोळीची गोष्ट

आता ज्या कारणाने हा लेख लिहिला, ते सांगतो. माता-भगिनींनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

आम्ही संगणकावर सूर लावत बसलो होतो, त्याच आठवड्यात एका रात्री दीडच्या सुमारास शेजाऱ्यांच्या घरून हाक आली. धाकट्याला जोराची फिट आली होती. बाप रात्रपाळीला. मी आणि आणखी दोघांनी रिक्षा काढली, मुलाला इस्पितळात नेले. तो वाचला. डॉक्टरांनी विचारले, "गोळी कधीपासून चुकली?" वहिनी काही बोलेनात. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पाच दिस झाले. त्या क्लासवाल्यानं मोबाइलवर आवाज पाठवला होता नमुन्याला. म्हणला, हे ऐकवा, गोळीची सवय चांगली न्हाई. भाऊ, गोळीनं पोरगं दिवसभर पेंगतं हो. मला वाटलं, शास्त्राचंच आहे ना."

त्या माउलीला दोष देण्याची माझी हिंमत नाही. गंडा बांधा म्हटले असते तर तिने त्या माणसाला दारात उभे केले नसते. आमच्या वस्तीत १९५६ नंतर देव्हारे नदीत गेले आहेत. पण इथे 'शास्त्र' म्हटले होते, आलेख दाखवला होता, इंग्रजी शब्द वापरले होते. मनगटावरून सुटलेला गंडा वायर होऊन कानात शिरला, आणि आपल्याला तो ओळखू आला नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. फिटची गोळी कोणत्याही आवाजासाठी, ध्यानासाठी किंवा कोणाच्या सांगण्यावरून अचानक बंद करायची नसते. गोळीने मूल पेंगत असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. ज्यांना फिट येतात त्यांनी मेंदूला चाल लावणारे ध्वनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नयेत. आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचे चष्मे किंवा चित्रे जोडीला असतील तर त्यांपासून तर दूरच राहावे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक मुलांना इस्पितळात न्यावे लागले. प्रकाशाचा ठोका हा खेळ नाही.

आणि हेही ध्यानात ठेवा. औषधी द्रव्ये आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) हा कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या यादीत फिटचा, म्हणजे अपस्माराचा समावेश आहे. या यादीतले आजार बरे करतो अशी जाहिरात करता येत नाही. असे पत्रक हाती आले तर फाडून टाकू नका, जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. मी अर्जाचा मसुदा करून दिला आहे. सही शेजाऱ्यांची आहे, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने केली.

कालामांचा प्रश्न

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, की एक गुरू येतो, स्वतःचे खरे म्हणतो, दुसरा येतो, तो आपले खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तथागतांनी त्यांना सांगितले, की ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा, हिताचे दिसले तर स्वीकारा. हेच आपण मेंदूच्या लहरींना का लावू नये?

आम्ही लावले. आमच्या मुलीनेच युक्ती काढली. तिने दोन फाइली केल्या. एकीत २०० आणि २१०, दुसरीत दोन्ही कानांत २००, म्हणजे ठोका नाहीच. दोन्हींवर पावसाचा आवाज घातला आणि नावे ठेवली 'क' व 'ख'. कोणती कोणती हे तिने चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केले. अभ्यासिकेतल्या मुलांनी काही दिवस कधी क, कधी ख ऐकून अभ्यास केला आणि रोज वहीत लिहिले. पाकीट उघडले तेव्हा हशा पिकला. ठोका नसलेला आवाज ऐकूनही काहींनी लिहिले होते 'डोके एकदम शांत झाले'. ठोका असलेला ऐकून कोणाला झोप आली, कोणाचे डोके दुखले, कोणाला बरे वाटले. हे काही प्रयोगशाळेतले संशोधन नव्हे. पण मुलांना एक गोष्ट कायमची कळली. 'बरे वाटले' आणि 'यामुळे बरे वाटले' यांत फरक असतो, आणि तो फरक शोधायला तुलना लागते.

ती मुलगी अजूनही कधीकधी पावसाचा आवाज लावून बसते. एका खोलीचे घर, बाजूला टीव्ही, बाहेर रिक्षांचे हॉर्न. म्हणते, "काका, ठोक्याचं माहीत नाही, पण बाहेरचं ऐकू येत नाही." ऐकू दे. फुकट आहे आणि तिला आवडते. आवाज मात्र बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ठीक. ज्यांचे कान आधीच प्रेस शॉपमध्ये आठ-आठ तास बडवले जातात, त्यांनी घरी येऊन पुन्हा कानात काही घालण्याआधी विचार करावा. गाडी चालवताना, मशीनवर उभे असताना तर हे ध्वनी मुळीच नकोत.

कोणी म्हणेल, ध्यानाला तरी मदत होईल. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. तिथे दहा दिवस ना संगीत, ना हेडफोन. आधी स्वतःचा श्वास आणि मग स्वतःच्या शरीरातल्या संवेदना बघायच्या. फीही नाही, ऐच्छिक दान आहे. ज्यांना मन शांत करायचे आहे त्यांना तो मार्ग मोकळा आहे, आणि त्यासाठी पतपेढीचा हप्ता लागत नाही.

तार आपल्याच हाताने लावायची

निगडीहून देहूरोड हाकेच्या अंतरावर. तिथल्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आमच्या वस्तीतली मुले दरवर्षी त्या दिवशी तिथे जातात. जयंतीला अठरा तास सलग अभ्यासाचा उपक्रमही आपण करतो. तो का करतो? बाबासाहेबांच्या डोक्यात कोणी लहरी सोडल्या नव्हत्या. ते ग्रंथालयात बसले, वाचले, टिपणे काढली, पुन्हा वाचले.

पण अठरा तास हा वर्षातून एकदाचा आदर. रोजच्या अभ्यासाचे माप वेगळे. सोण नावाच्या भिक्खूने चालता चालता पाय रक्तबंबाळ केले, तरी चित्त लागेना. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. प्रयत्नाचेही तसेच. मुलाला पुरेशी झोप हवी, पोटाला सकाळचे खाणे हवे, बसायला उजेडाची जागा हवी आणि अडले तर विचारायला माणूस हवा. वस्तीतल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवणे हे आपले काम आहे. त्यासाठी वर्गणी मागायला मी तुमच्या दारी येणारच आहे.

शेजाऱ्यांनी पैसे भरले नाहीत. धाकट्याची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे, आता तो शाळेत पेंगत नाही. गोळीची वेळ झाली की बहीणच त्याला हाक मारते. परवा वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, परत एकजण आला होता पत्रक घेऊन. मी म्हणलं, आमच्या विहारात या, कॉम्प्युटरवर करून दाखवा. तो आलाच न्हाई."

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही दारी कोणी आला तर एवढेच म्हणा. आमच्यासमोर करून दाखवा. खरा असेल तो येईल.

नमो बुद्धाय! जयभीम!